नियम २१ दिवसांचा, वाट ७० दिवसांची

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्जाच्या मुदतपूर्व फेडीवरील शुल्काबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्यावर बरेच लिहून आले आणि आता कर्ज एकीकडून दुसरीकडे नेणे सोपे झाले, असा सूर दिसला. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचे कर्ज मी गेल्याच वर्षी एका गृहवित्त कंपनीतून बँकेत नेले. त्या अनुभवावरून सांगते, माझी अडचण शुल्काची नव्हतीच. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज फेडण्याचे शुल्क) घ्यायला गृहवित्त कंपन्यांना २०११ पासून आणि बँकांना २०१२ पासून मनाई आहे. नव्या निर्देशांचा मोठा फायदा व्यवसायासाठी कर्ज घेणाऱ्यांना आहे आणि तो व्हायलाच हवा. आमच्यासारख्यांचे घोडे अडते ते कागदांपाशी. जुनी कंपनी कागदच देत नाही, तोवर नवी बँक कर्ज देणार तरी कशावर?

मी ४४ वर्षांची आहे, सरकारी रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी म्हणून काम करते. वडील २०१७ मध्ये गेले. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे आणि विम्याचे मिळून १२ लाख रुपये आले. ते खर्चून जाऊ नयेत म्हणून मी आणि धाकट्या बहिणीने मिळून ४२ लाखांचा वन बीएचके घेतला. कर्ज ३० लाख, २० वर्षांसाठी, दर ८.७५ टक्के, हप्ता २६ हजार ५११. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जात धरत नाहीत, तो आम्ही दोघींनी खिशातून केला. पहिला हप्ता ऑगस्ट २०१८ मध्ये गेला.

'भाड्यातच हप्ता निघेल' असे फ्लॅट दाखवणारे एजंट म्हणाले होते. ते साफ खोटे निघाले, आणि हे इतरांनी आधी ऐकावे म्हणून आकडे देते. भाडे ११ हजारांपासून सुरू झाले, आज साडेचौदा हजार आहे. म्हणजे वर्षाला १ लाख ७४ हजार, घराच्या मूळ किमतीच्या सव्वाचार टक्क्यांहूनही कमी. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च जातो, मालमत्ता कर जातो, घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी ना-भोगवटा शुल्क घेते. (हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे. आमच्या सोसायटीला तो दाखवावा लागला.) एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला की मध्ये महिना-दीड महिना घर रिकामे राहते, रंग काढावा लागतो, एजंटाची दलाली द्यावी लागते. सव्वाचार टक्के देणारी वस्तू पावणेनऊ टक्क्यांच्या पैशाने घेतली की उरलेला फरक पगारातून भरायचा असतो. आम्ही तो भरतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. वडिलांचा पैसा घरात राहिला. पण म्हणूनच अशा घराच्या बाबतीत व्याजाचा अर्धा टक्कासुद्धा फार मोठा असतो. स्वतः राहत्या घराच्या कर्जात निदान आपले भाडे वाचते. इथे प्रत्येक जादा रुपया थेट पगारातून जातो.

आता व्याजदराचे पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) बाहेरच्या दराशी जोडावीत आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा, असा नियम आहे. हा नियम गृहवित्त कंपन्यांना लागू नाही. त्या आपला मूळ दर स्वतः ठरवतात. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला तेव्हा माझा दर पावणेनऊच राहिला. मे २०२२ पासून रेपो चढू लागला, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला, आणि माझा दर मात्र त्यासोबत सव्वादहापर्यंत चढला. हप्ता तेवढाच जात होता, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात आले नाही. एप्रिल २०२३ मध्ये आयकराच्या कामासाठी कर्जाचा उतारा मागवला, तेव्हा २४० पैकी ५७ हप्ते भरून झाले होते. उरायला हवे होते १८३. उताऱ्यावर होते २३७.

मी तो कागद दोनदा वाचला आणि मग बहिणीला फोन केला. पावणेपाच वर्षांत आम्ही १५ लाखांहून थोडे जास्त भरले होते. मुद्दल कमी झाले होते ३ लाख १० हजारांनी. दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडी रक्कम एकरकमी भरायची, हे कोणी विचारलेच नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे कर्जदाराला विचारणे बंधनकारक केले. आमच्या बाबतीत तोवर चार महिने उशीर झाला होता.

तेव्हाच कर्ज हलवायला हवे होते. हलवले नाही, याचे कारण सगळीकडेच दर चढे होते आणि बहिणीची बदली झाली होती. सहकर्जदार असेल तर प्रत्येक अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. जून २०२५ मध्ये रेपो साडेपाच टक्क्यांवर आला, तेव्हा मात्र मी कागद-पेन घेऊन बसले. आमचे मुद्दल उरले होते २५ लाख ८८ हजार. कंपनीचा दर ९.९० झाला होता. एक बँक रेपोशी जोडलेल्या ८ टक्क्यांनी आमचे कर्ज आपल्याकडे घ्यायला तयार होती.

त्या रात्री केलेला हिशोब इथे देते, कारण भाड्याच्या घरावर कर्ज असलेल्या प्रत्येकाने तो आपल्या आकड्यांनी करून पाहावा असे मला मनापासून वाटते. कंपनीतच राहिलो आणि २६ हजार ५११ चाच हप्ता भरत राहिलो, तर १९९ हप्ते उरतात, एकूण भरणा सुमारे ५२ लाख ८० हजार. बँकेत गेलो आणि हप्ता तोच ठेवला, तर १५८ हप्ते, एकूण सुमारे ४२ लाख. म्हणजे जवळपास ११ लाख वाचतात. पण बँकेतले अधिकारी तिसरेच सुचवत होते: 'मॅडम, पुन्हा २० वर्षांचे करा, हप्ता २१ हजार ६४७ वर येईल, महिन्याला पाच हजार हातात राहतील.' ऐकायला गोड होते. भाड्याचे आणि हप्त्याचे अंतर एकदम कमी दिसते. पण २४० हप्त्यांचा गुणाकार केला तर ५१ लाख ९५ हजार होतात. जवळपास दोन टक्क्यांनी दर उतरूनही आम्हाला मिळणार होते ८५ हजार, त्यातूनही बदलाचा खर्च वजा. दर कमी झाल्याचा सगळा फायदा मुदत वाढवून परत घेतला जातो तो असा. ज्यांना महिन्याचा हप्ता खरोखर झेपत नाही त्यांना मुदत वाढवून घेण्यावाचून इलाज नसतो, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण झेपत असताना केवळ हलका हप्ता पाहून सही करू नये.

सोबत ५ लाखांचे टॉप-अपही, म्हणजे त्याच घरावर जादा कर्ज, देऊ केले होते. ते नाकारले. टॉप-अपचे पैसे त्याच घराच्या खरेदीला किंवा दुरुस्तीला लावले नाहीत, तर त्याच्या व्याजाची वजावट घराच्या उत्पन्नातून मिळत नाही, हे कोणी आपणहून सांगत नाही. मूळ कर्ज फेडायला घेतलेल्या नव्या कर्जाच्या व्याजाची वजावट मात्र मिळते, तेव्हा बॅलन्स ट्रान्सफर (कर्ज दुसरीकडे नेणे) केल्याने करसवलत जाईल ही भीती धरू नये. आणि नव्या करप्रणालीत असाल तर भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीतही तो वर्षाला २ लाखांपर्यंतच होतो. करासाठी कर्ज चालू ठेवा, असा सल्ला देणाऱ्यांनी हे तपासावे.

इतर मार्गांचीही चौकशी केली. एका ओळखीच्यांचा गाळा एका कंपनीला नऊ वर्षांच्या करारावर दिलेला आहे. त्यांनी पुढच्या भाड्यावरच कर्ज घेतले, कंपनीचे भाडे थेट बँकेच्या खात्यात जमा होते आणि त्यातून हप्ता वळता होतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाच्या भाड्यावर असे कर्ज कोणी देत नाही. मालमत्ता तारण कर्जाचा दर गृहकर्जाहून जास्त आणि मुदत कमी. तेव्हा आमच्यासारख्यांना सरळ बॅलन्स ट्रान्सफर हाच एक मार्ग उरतो.

बँकेने एक गोष्ट मात्र योग्य केली. आमचा भाडेकरार नोटरी केलेला होता. बँक म्हणाली, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स आणि खात्यात जमा होणारे भाडे दिसले तरच ते उत्पन्नात धरू, तेही पूर्ण नाही. मला आधी राग आला. नंतर कळले की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची. चूक माझीच होती. ऑनलाइन नोंदणी केली आणि भाडे रोखीने घेणे बंद केले.

आता मूळ तक्रार.

४ जुलै २०२५ रोजी मी कंपनीच्या शाखेत दोन गोष्टींचा लेखी अर्ज दिला: कर्ज बंद करण्यासाठी भरायच्या बाकी रकमेचे पत्र म्हणजे फोरक्लोजर लेटर, आणि त्यांच्या ताब्यातील कागदपत्रांची यादी, जिला सगळे एलओडी म्हणतात. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले. का जाताय, दर कमी करून देतो, रूपांतर शुल्क भरा, ८.९० करून देतो. सात वर्षे नियमित हप्ता भरणाऱ्या ग्राहकाला जो दर देता येत होता, तो ती निघाल्यावरच का आठवावा? मी नाही म्हटले. मग शाखा म्हणाली, अर्ज मुख्य कार्यालयात गेला आहे. मुख्य कार्यालय म्हणाले, सहकर्जदाराची सही जुळत नाही. बहीण एक दिवसाची रजा काढून, रात्रीच्या गाडीने येऊन सही करून गेली. मग म्हणाले, पंधरा कामकाजाचे दिवस लागतील. ते पंधरा दिवस संपले तेव्हा ज्या कर्मचाऱ्याकडे फाइल होती त्याची बदली झाली होती. रुग्णालयातून दुपारी सुटून शाखेत जायचे, बसायचे, परत यायचे, असे मी सहा वेळा केले.

याच काळात मला कळले की रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत यासाठी मुदत ठरलेली आहे. कर्जखाते दुसरीकडे नेण्याची विनंती आली की कर्ज देणाऱ्या संस्थेने संमती किंवा हरकत २१ दिवसांत कळवायची असते. बँकांच्या संहितेत ती २००३ पासून आहे, आणि गृहवित्त कंपन्यांच्या संहितेतही आहे. मी ते कलम छापून शाखेत दिले. त्यांनी ते फाइलला लावले. पुढे काहीच झाले नाही.

३ सप्टेंबरला मी गृहवित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या राष्ट्रीय आवास बँकेच्या ग्रिड्स या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली. १२ सप्टेंबरला दोन्ही कागद हातात आले. ४ जुलै ते १२ सप्टेंबर, ७० दिवस. नियमापेक्षा ४९ दिवस जास्त. दोन दरांतला फरक आमच्या मुद्दलावर दिवसाला १३५ रुपये होतो. ४९ दिवसांचे ६ हजार ६०० रुपये आम्ही कोणत्याही कारणाशिवाय भरले. रजा आणि बहिणीचा प्रवास यात धरलेला नाही.

पुढचा टप्पाही बिनघोर नव्हता. फोरक्लोजर लेटरची मुदत १५ दिवसांची होती. नव्या बँकेने धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) काढला १८ सप्टेंबरला, दिला २६ तारखेला, आणि व्याज लावले १८ पासून. त्या आठ दिवसांचे व्याज कंपनीनेही घेतले. एकाच पैशावर दोन ठिकाणी व्याज. कर्जाचा चेक नंतर देऊन व्याज चेकच्या तारखेपासून लावू नये, हे रिझर्व्ह बँकेच्या २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. ते दाखवल्यावर बँकेने साडेचार हजार रुपये परत केले. न दाखवता केले असते, तर मला जास्त बरे वाटले असते. बाकी बदलाचा खर्च, म्हणजे प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, तारणाचे मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडे द्यायची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर तारण ठेवल्याची सूचना), हे मिळून २८ हजारांच्या आसपास गेले. सात महिन्यांच्या व्याजफरकात ते भरून निघते. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला कर्जदाराच्या हाती मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. त्यात बँक वसूल करते ते खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागून घ्यावा आणि सही करण्यापूर्वी वाचावा.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करावीत आणि नोंदवलेला बोजा उतरवावा, नाहीतर कर्जदाराला दर दिवशी ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. आमचे कर्ज २६ सप्टेंबरला बंद झाले. कागदपत्रे नव्या बँकेत पोहोचली १४ ऑक्टोबरला, अठराव्या दिवशी, एकही फोन न करता. ज्या कंपनीला नुसती यादी द्यायला ७० दिवस लागले, तिने खुद्द कागदपत्रे १८ दिवसांत दिली. शाखा तीच, माणसे तीच, फाइल तीच. फरक एवढाच की एका उशिराला दिवसाचे ५ हजार मोजावे लागतात आणि दुसऱ्याला काहीच नाही.

म्हणून रिझर्व्ह बँकेला आणि राष्ट्रीय आवास बँकेला आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे की २१ दिवसांच्या नियमालाही अशीच दैनिक भरपाई जोडावी. संमती म्हणजे काय, हेही स्पष्ट लिहावे. नुसते 'हरकत नाही' असे पत्र देऊन उपयोग नाही. बाकी रकमेचे पत्र आणि कागदपत्रांची यादी त्याच मुदतीत मिळाली पाहिजे. सहीत किंवा अर्जात त्रुटी असेल तर ती पहिल्या तीन दिवसांत एकदाच कळवावी, दर आठवड्याला नवी काढू नये. आणि बँकांना जसा बाहेरच्या दराशी जोडण्याचा नियम आहे, तो गृहवित्त कंपन्यांनाही लावावा. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो सव्वापाच झाला, तेव्हा पुढच्या तिमाहीत माझा दर अर्ज न करता, शुल्क न भरता ७.७५ झाला. गेल्या सात वर्षांत असे एकदाही झाले नव्हते.

ज्या घरमालकांचे कर्ज अजून जुन्या दराने चालू आहे, त्यांनी आज एवढे तरी करावे: उतारा मागवून उरलेल्या हप्त्यांची संख्या पाहावी. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि त्या तारखेपासून २१ दिवस मोजावेत.

माझ्या अर्जावरील ४ जुलैची पोच आणि कंपनीच्या पत्रावरील १२ सप्टेंबरची तारीख, या दोन्हींच्या प्रती संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडल्या आहेत. नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक